नादुरुस्त दहा नग

कुरणवाडीच्या शाळेला चार खोल्या, आणि त्यांतली सगळ्यात चांगली खोली बंद पडलेल्या संगणकांना दिलेली. पूर्वेला खिडकी, न गळणारं छत, नवी फरशी, वर पंखा. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, आणि तिसऱ्या खोलीत तांदळाची पोती आणि ऑफिस एकमेकांना सांभाळून घेत. तिसरी-चौथीच्या खोलीला गळती लागली की ती पोरं व्हरांड्यात यायची. संगणकांना मात्र कधी व्हरांड्यात यावं लागलं नाही. ती सरकारी मालमत्ता होती. पोरं भिजली तर वाळतात, मालमत्ता भिजली तर खुलासा द्यावा लागतो.

संगणक होते दहा. अकरा वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून आले, दीड वर्ष चालले आणि एका दुपारी शाळेमागच्या चिंचेवर वीज पडली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. बाकड्यापासून घंटेपर्यंत शाळेच्या सगळ्या टिकाऊ वस्तू ज्या जाड वहीत नोंदवतात तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. त्या रजिस्टरात तेव्हापासून त्यांच्यापुढं एकच शेरा होता : 'नग दहा. नादुरुस्त.' दरवर्षी तपासणीला साहेब यायचे, कुलूप उघडायला लावायचे, दहा मोजायचे, कुलूप लावायला लावायचे. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा घातलेला होता. माउसवरसुद्धा. एवढ्याशा माउसवर 'जि. प. शाळा कुरणवाडी, मा. ७' एवढा मजकूर बसवणाऱ्या पेंटरविषयी कुणालाही आदर वाटावा.

जुलैत शाळा समितीच्या सभेची सही करायला सुभेदार लालासाहेब घार्गे शाळेत गेले. फौजेत सिग्नलमध्ये चोवीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करून आलेला माणूस. औंधाच्या बाजारात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी लोक आधी सुभेदारांचं नाव घ्यायचे आणि मग दुकानदाराचं. ते व्हरांड्यातून चालले होते, तर चौथीच्या दोन पोरी एका पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसलेल्या. पुठ्ठ्यावर स्केचपेननं संगणकाची बटणं काढलेली होती.

"काय चाललंय गं?" सुभेदारांनी विचारलं.

"टायपिंग, आजोबा."

"आन उमटतंय कुठं?"

"मनात. मॅडमनी सांगितलंय, मोठ्यानं वाचायचं न्हाई, नुसतं मनात बघायचं."

इतक्यात दुसरीनं पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं आणि पहिलीनं भोकाड पसरलं. "आजोबा, हिनं माझं समदं पुसलं! एवढा मोठा निबंध लिवलावता!"

सुभेदारांनी फौजेत बरेच तंटे मिटवले होते, पण न लिहिलेला निबंध पुसल्याचा तंटा त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. त्यांनी तो मोठ्या गंभीरपणे चालवला. पुसणारीला दोन ओळी परत लिहून द्यायला लावल्या. तिनं त्या पुठ्ठ्यावर लिहून दिल्या, पहिलीनं मनात वाचून बघितल्या, आणि 'एक काना ऱ्हायला' म्हणून परत लिहून घेतल्या. हे सगळं होईपर्यंत सुभेदारांची नजर पोरींच्या मागच्या भिंतीकडं होती. भिंतीपलीकडं दहा खरे संगणक कुलपात होते.

मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडमची नोकरी चौतीस वर्षांची. एकतीस ऑगस्टला त्या निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. चूक झालीच तर त्या तिच्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी सही करायच्या, आणि ती रेघही पट्टीनं मारायच्या.

"दुरुस्त होणार असतील तर करा, सुभेदार," त्या म्हणाल्या. "पण दोन गोष्टी. संगणक आवाराबाहेर न्यायचे नाहीत, नियम आहे. आणि ऑगस्टअखेर मला चार्ज द्यायचाय. त्या दिवशी नग दहा भरले पाहिजेत. एक जरी कमी निघाला तर चौकशी लागेल, आणि चौकशी डोक्यावर घेऊन मला शाळेतून जायचं नाही."

"मॅडम," सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले, "दहाचं दहा मिळतील. फौजी जबान हाय."

दिलेला शब्द ही वस्तू डेडस्टॉकात नोंदवत नाहीत, म्हणून बरेच लोक तो सहज देतात. सुभेदारांचं तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सुभेदार शाळेत जायला लागले. खांद्याला हत्यारांची पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि डबा.

"आवं, फौजेतनं सुटला तवा म्हणला, आता घरात बसून च्या पिणार," त्यांच्या पत्नी चंद्राबाई दारातून म्हणाल्या. "आन आता रोज दप्तर घिऊन शाळंला निघालाय. चौथीत नापास झालता काय तवा? हुता तर सांगा, मी काय कुणाला बोलत न्हाई."

पहिल्या दिवशी सुभेदारांनी एक नंबरच्या संगणकाला वीज जोडली. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळा धूर निघाला आणि शाळेत काहीतरी पेटलं म्हणून निम्मी वाडी फाटकाशी जमली. दूध सोसायटीचे सेक्रेटरी मानसिंग सगळ्यांत पुढं. मानसिंगांना सल्ला द्यायला फक्त समोर माणूस लागायचा, विषय लागायचा नाही.

"सुभेदार, माझा फोन हिरीत पडलावता तवा तांदळाच्या डब्यात ठिवला. दोन दिसांत चालू! ह्ये दहा बी तांदळात ठिवा. शाळंत पोती हायतच."

"मानसिंग, ह्ये पाण्यात न्हाई पडलं. ह्येंच्यावर ईज पडलीया."

"मग गव्हात ठिवा."

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा पंखा फिरला. हे खरं तर यश होतं. पण अकरा वर्षांची धूळ त्यानं एका दमात सुभेदारांच्या तोंडावर टाकली, आणि नेमके तेव्हाच मानसिंग खिडकीत होते. "नुसता शेंदूर लावायचा ऱ्हायलाय, सुभेदार," ते म्हणाले, "मग नारळ फोडायला मोकळं." सुभेदारांनी मिशा झटकल्या आणि उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर उरलेली धूळ आत गेली असती.

तिसऱ्या दिवसापासून पोरं घरी जाईनाशी झाली. चौथीचा आख्खा वर्ग सुभेदारांभोवती उकिडवा बसायचा. मग सुभेदारांनीही हातचं राखलं नाही. त्यांनी एक हिरवी पट्टी वर धरली. "ही संगणकाची आठवण. लाइट गेली की ही समदं इसरती, तुमच्यावानी. हिचं ह्ये पिवळं दात बघा. काळवंडल्यात. म्हणून हिला कुणाचं काय ऐकाया येत न्हाई. आता मला सांगा, ह्ये कशानं पुसायचं?"

कुणी म्हणालं फडक्यानं, कुणी म्हणालं चिंचेनं, कारण घरातली समई चिंचेनं लख्ख निघते.

"खोडरबरानं," सुभेदार म्हणाले.

एका मिनिटात एकोणीस खोडरबर पुढं आले. दोन वास येणारे होते. पोरांनी हलक्या हातानं ते दात घासले. पट्टी परत जागेवर बसवली आणि तीन नंबरच्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पोरं एवढी ओरडली की मॅडम ऑफिसातून धावत आल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं तर पेटीवरचा आकडा जागेवर आहे ना.

पुढच्या तीन आठवड्यांत सुभेदारांनी नऊ संगणक उघडले. ज्याचा बोर्ड चांगला त्याची डिस्क गेलेली, ज्याची डिस्क चांगली त्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. मग यातलं त्यात, त्यातलं यात करत नऊ संगणकांचे मिळून चार झाले. चार चालले, पाच पेट्या रिकाम्या राहिल्या. मेलेले बोर्ड आणि वायरी दोन पोत्यांत भरून ठेवल्या.

"जाळून टाका की," मानसिंग म्हणाले. "तांबं निघतंय चांगलं."

यावर सुभेदारांनी त्यांना आणि पोरांना एकत्रच धडा दिला. त्या बोर्डात शिसं असतं. जाळलं तर ते धुरातून छातीत जातं, ओढ्यात टाकलं तर पाण्यातून पोटात. असला कचरा नीट सोडवणारा कारखाना शिरवळला होता. सुभेदारांनी फोन केला. कारखाना म्हणाला, देऊन टाका, पण सरकारी माल आहे, निर्लेखनाचं पत्र लागेल. निर्लेखन म्हणजे वस्तू वहीतून रीतसर काढून टाकणं. सुभेदार तालुक्याच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणालं, निर्लेखन करू, पण वस्तू निकामी झाल्याचा दाखला लागेल. तो कोण देणार? असला कचरा घेणारा कारखाना. सुभेदारांनी ऑफिसच्या पायरीवर बसून पाणी प्यायलं आणि हात हलवत परत आले. आता त्या खोलीत दहा संगणकांशिवाय दोन पोतीही सांभाळायची झाली.

राहिला सात नंबर. तो चालू व्हायचा, तीन मिनिटं छान चालायचा आणि तापून बंद पडायचा. सुभेदारांनी तोही वरवर उघडून पाहिला, पण रोग सापडेना. दहा मेले होते तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं, पण चार उठल्यावर हा पाचवा डोळ्यांदेखत तीन-तीन मिनिटांनी मरतो हे सुभेदारांना सोसेना. आष्ट्याचे जवाहरशेठ आठवले. सांगलीच्या एका लग्नात मंगलाष्टकांच्या मध्येच स्पीकर बंद पडला होता आणि दोन्ही बाजूंचे हे दोन पाहुणे पेचकस घेऊन एकाच वेळी धावले होते, तेव्हापासूनची ओळख. शेठचं दुरुस्तीचं दुकान. पण आष्टा म्हणजे आवाराबाहेर. आणि नुसतं आवाराबाहेर नव्हे, जिल्ह्याबाहेर.

सुभेदारांनी आयुष्यात पहिल्यांदा हुकूम मोडला. मॅडम तालुक्याला गेल्याचं पाहून त्यांनी सात नंबर वाकळेत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. रस्त्याला खड्डे, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. शेजारच्या म्हातारीला राहवेना.

"नातू हाय व्हय? आजारी दिसतोय."

सुभेदारांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची सोय नव्हती. "गरम हुतंय आन बंद पडतंय," ते म्हणाले.

"आगं बया! फिट येती म्हणा की. कांदा हुंगवा. आन तोंडावरचं पांघरूण काढा वाईच, जीव गुदमरंल त्येचा."

कराडपर्यंत सुभेदार खिडकीबाहेर बघत बसले.

आष्ट्यात जवाहरशेठनी पेटी उघडली, मागच्या कोपऱ्यात बॅटरी मारली आणि हातातला पेचकस हळूच खाली ठेवला. पंख्याची डबी आणि पत्रा यांच्या सांध्यात मातीचं घरटं होतं. कुंभारीण माशीचं. गुळगुळीत लिंपलेल्या पाच खोल्या, पाचही बंद. खोलीच्या फुटक्या तावदानातून आत शिरून तिनं हे बांधलं असणार. वारा अडला होता तो इथं.

"सापडला रोग!" सुभेदार म्हणाले आणि खरवडायला पुढं झाले. जवाहरशेठनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"काय करताय ओ, सुभेदार? आत पिल्लं हायत."

"माशीची, शेठ."

"म्हणून काय झालं? चातुर्मास चालू हाय. एरवीबी केलं नसतं, पण आता तर बोलूच नका. माझ्या दुकानात ह्याला हात लागणार न्हाई."

सुभेदारांनी चौथीच्या पोरांना शिकवावं तशा चिकाटीनं मुद्दा मांडला. "शेठ, ही कुंभारीण आळ्या पकडून आणती आन पिल्लांना घालती. म्हंजे तीच हिंसा करती!"

"तिचं पाप तिला, आपलं आपल्याला."

"मग मी हाय तसाच परत नेतो."

"एसटीच्या हिसक्यानं फुटंल की ते."

"येताना न्हाई फुटलं!"

"येताना आपल्याला ठाऊक नव्हतं," जवाहरशेठ म्हणाले. "आता ठाऊक हाय."

सुभेदारांनी पुढं केलेला हात मागं घेतला. शेठच्या पत्नी चंदनबालाताईंनी दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं, 'पोटभर जेवा, पिल्लं उडाली की लगेच कळवते' म्हणाल्या, आणि सुभेदार रिकामी वाकळ घडी करून परत आले. एसटीत ती म्हातारी परत भेटली नाही, ही देवाची कृपा. वाकळेतलं कुठं गेलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यानंतर रोज सकाळी आष्ट्याला फोन.

"उडाली का?"

"न्हाई अजून," चंदनबालाताई सांगायच्या. "काल एका खोलीच्या भिंतीला बारीक चीर दिसली. मी दुकानात पंखासुद्धा लावत न्हाई, वारं लागंल म्हणून."

"दुकानात गिऱ्हाईक काय म्हणतंय?"

"बघायला येतंय."

अठरा ऑगस्टला तालुक्याहून पत्र आलं. तपासणी महिनाअखेर नाही, बावीस तारखेलाच. सुभेदारांचं जेवण कमी झालं. एकवीसला दुपारी मानसिंग एक चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन आले. सोसायटीच्या जुन्या मशीनची पेटी. रंग जवळजवळ तोच.

"साहेब आकडं बघतोय, आत काय डोकावतोय? ह्येच्यावर सात घाला. झालं दहा."

ऑइलपेंटची डबी घरात होती. सुभेदारांनी कुंचला बुडवला. डबा समोर ठेवला. सात हा आकडा काढायला सोपा असतो; पण त्यांचा हात बराच वेळ वरच राहिला आणि पेंटचा एक थेंब गुडघ्यावर पडला.

चंद्राबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "इतकी वरसं मोडलेलं जोडत आला," त्या म्हणाल्या. "आता खोटं रंगवाय लागला?" आणि परत शेंगा फोडायला लागल्या.

सुभेदारांनी कुंचला घासलेटात बुडवून ठेवला, टोपी घातली आणि शाळेत गेले. मॅडमच्या टेबलापुढं सावधानमध्ये उभे राहिले आणि वाकळेपासून कुंभारणीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना गुडघ्यावरचा पांढरा ठिपका त्यांनी टोपीनं झाकला होता.

मॅडमनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "आवाराबाहेर, सुभेदार."

"व्हय, मॅडम."

"मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच इचारलं न्हाई."

"घरटं फोडून घेऊन या असं त्यांना सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "आता जे होईल ते होईल." त्या एवढ्या शांतपणे बोलल्या की सुभेदारांना फौजेतली सगळ्यात कडक सजा परवडली असती असं वाटलं.

बावीसला साहेब आले. तालुक्याचे अधिकारी, सकाळपासून तीन शाळांतली बाकडी मोजून थकलेले. खोलीत चार संगणक चालू होते आणि पोरं त्यांवर स्वतःची नावं लिहीत होती. साहेबांचा चेहरा खुलेल असं पोरांना वाटलं होतं. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे चार चालू कसे?"

"दुरुस्त केलं, सायेब," सुभेदार म्हणाले.

"पण शेरा नादुरुस्त आहे."

"म्हणूनच केलं."

"कुणाच्या आदेशानं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते, फक्त त्यांच्यापुढं यापूर्वी असा गुन्हा कधी आला नव्हता. "बरं, हा कितवा संगणक?"

"पेटी पाचची, बोर्ड दोनचा, डिस्क आठची."

"मग रजिस्टरात याला मी कितवा म्हणू?"

चौथीतली एक पोरगी उभी राहिली. तीच, जिचा निबंध पुसला गेला होता. "साहेब, तिघांचा मिळून एक लिवा. माझं गणिताचं पुस्तकबी तसंच हाय. पुठ्ठा दादाचा हाय, पानं हिच्या बहिणीची हायत. आन गणितं समदी सुटत्यात."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग पेट्या मोजल्या. दोनदा. "नऊ आहेत."

मग त्यांनी पोरांना बाहेर पाठवलं, मॅडमना खुर्ची दिली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुमची नऊ दिवसांची नोकरी राहिलीय. मला त्रास द्यायचा नाही. हे चार बंद करा, मी आधीसारखंच लिहितो. नग दहा, नादुरुस्त. सातवा मागाहून आणून ठेवा. खरं लिहायला गेलात तर खुलासा मागावा लागेल, चार्ज अडकेल, पेन्शनची फाइल अडकेल. बघा."

सुभेदारांनी मॅडमकडं पाहिलं. चौतीस वर्षं एकीकडं आणि महिनाभराची दुरुस्ती एकीकडं. ते भिंतीपाशी गेले आणि बटणाकडं हात नेला.

"हात लावू नका, सुभेदार," मॅडम म्हणाल्या.

खिडकीत एकोणीस डोकी होती. पोरांना बाहेर जा म्हटलं की ती खिडकीपर्यंतच जातात.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "या पोरांना मीच मोजायला शिकवलंय. त्यांच्यासमोर चाराचे शून्य कशी करू?" त्यांनी पेन उघडलं, जुन्या शेऱ्यावर पट्टीनं सरळ रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं : 'नग दहा. पैकी चार चालू. पाच पेट्या रिकाम्या. एक (क्र. ७) माझ्या जबाबदारीवर आष्टा येथे, कारण, आत कुंभारीण माशीची पिल्ले.'

"माझ्या जबाबदारीवर?" सुभेदार पुढं झाले. "मॅडम, ती जबाबदारी माजी हाय!"

"तुम्ही रजिस्टरात नाही आहात," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "माशीची पिल्ले, हे असंच वर पाठवू?"

"खरं आहे ते."

साहेबांनी उसासा सोडला आणि 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याखाली आणखी एक ओळ घातली : 'पाच पेट्या व दोन पोती सुटे भाग निकामी, निर्लेखनास योग्य.' शिरवळ आणि तालुका या दोघांनाही हवा असलेला कागद हाच होता. इतक्या दिवसांत न सुटलेली गाठ साहेबांनी जाता जाता सोडवली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

खुलाशाचं पत्र मात्र आलं. अठ्ठावीस तारखेला. मॅडमनी ते वाचलं आणि सुभेदारांच्या हातात दिलं. त्यात आवाराबाहेर का नेला, आदेश कुणाचा, यातलं काहीच नव्हतं. लिहिलं होतं : 'संदर्भीय शेऱ्यात पिल्ले असा उल्लेख असून त्यांची नगसंख्या व सद्यःस्थिती नमूद केलेली नाही. सबब सदर माहिती क्र. ७ च्या संगणकासह शाळेत उपलब्ध करून तशी नोंद घ्यावी. तोपर्यंत कार्यभार हस्तांतरण प्रलंबित राहील.'

आष्ट्याला फोन. एकोणतीसला तीन उडाली. तिसाला सकाळी चौथं. पाचवी खोली बंद.

"आत हालचाल हाय," जवाहरशेठ म्हणाले. "कान लावला की ऐकू येतंय. पण सुभेदार, जल्दी करा असं मी त्याला सांगू शकत न्हाई."

एकतीस ऑगस्ट. शाळेत निरोपाचा मंडप, पेढे, नवे मुख्याध्यापक चार्ज घ्यायला आलेले. मॅडम ऑफिसात रजिस्टर उघडं ठेवून बसलेल्या. अख्खी कुरणवाडी एका माशीची वाट बघत होती. मानसिंगांनी डोहाळजेवणापासून सगळे उपाय सुचवून झाले होते. सुभेदार फाटकाशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. आत मॅडमची सगळी नोकरी पाचव्या खोलीच्या दारात अडकली होती आणि ते दार बाहेरून उघडायचं नव्हतं.

साडेअकराला फोन वाजला. चंदनबालाताई होत्या. "निघाली! ह्यांच्या चष्म्यावर बसली, पंख पुसले आन खिडकीतनं गेली. हे गाडी काढून निघालेत."

तीन वाजता जवाहरशेठची गाडी फाटकात थांबली. मागच्या सीटवर सात नंबर, खाली उशी, वर टॉवेल. शेठनी तो स्वतः उचलून आणला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. नव्या मुख्याध्यापकांनी आकडा वाचला आणि वहीत बरोबरची खूण केली. दहा.

"पिल्लं किती होती?" मॅडमनी विचारलं.

"पाच. आमच्या हिनं रोज मोजलीत."

"आणि सद्यःस्थिती?"

जवाहरशेठ विचारात पडले. "आता ती आष्ट्याच्या बाहेर गेली असतील," ते म्हणाले. "पण गेली तेव्हा तब्येतीनं चांगली होती."

मॅडमनी पेन उघडलं. चौतीस वर्षांतली ती त्यांची शेवटची नोंद. नेहमीच्याच गोल अक्षरात, खाडाखोड न करता त्यांनी लिहिलं : 'पिल्ले : पाच नग. सर्व चालू.' आणि खाली सही करून पेनाचं टोपण लावलं.